शेवटचा दिवस माझा ठरला होता

जपानहून येऊन दहा दिवस झाले तरी डोकं शांत होत नाहीये. बावीस दिवसांतला एकच दिवस मी मागून घेतला होता. शेवटचा. आणि तोच मैत्रिणीने दुकानांत घालवला.

बाकी सगळं तिच्या मनाप्रमाणे झालं. ओसाकात थीम पार्कला दोन दिवस हवे होते, दिले. क्योतोत किमोनो घालून फोटो काढायचे होते, तेही काढले. कारण पुण्यात तिच्या घरी बसून तिकिटं काढली तेव्हाच मी सांगितलं होतं, "तू हवं तसं ठरव, पण शेवटच्या दिवशी कामाकुराला जायचं." ती म्हणाली होती, "अगं, नक्की!"

तोक्योहून कामाकुरा रेल्वेने तासाभरावर. तिथून एनोदेन ही छोटी गाडी, तिसरं स्टेशन हासे, मग थोडं चालायचं. तिथे तो कांस्याचा बुद्ध, 1252 साली घडवायला घेतलेला, बसलेला असूनही 11 मीटरहून उंच. त्याच्यावरचं मंदिर केव्हाच गेलं, पाचशे वर्षं तो ऊनपावसात तसाच बसलाय. मूर्ती आतून पोकळ आहे. 50 येन दिले की आत शिरता येतं, आणि ओतकाम थराथराने कसं वर चढवलं त्याचे सांधे आतून दिसतात. माझे बाबा कोल्हापुरात तीस वर्षं फौंड्रीत होते. ते सांधे मला त्यांच्यासाठी बघायचे होते. भोक असलेलं 50 येनचं नाणं सकाळीच वेगळं काढून ठेवलं होतं.

साडेआठला निघायचं ठरलं होतं. साडेआठला ती म्हणाली, "फक्त एक तास गं, यादी संपवते." यादी! नणंदेला भाजी चिरायचा चाकू, जावेला सनस्क्रीन, ऑफिसातल्या चौदा जणांना माचाची, म्हणजे हिरव्या चहाच्या पावडरीची, चॉकलेटं, शेजारच्या काकूंना सांधेदुखीच्या पट्ट्या. बावीस दिवस काय केलं मग? रोज रात्री हॉटेलच्या खालीच दुकान उघडं होतं!

चाकूसाठी काप्पाबाशीला गेलो. त्या रस्त्यावर एका ओळीत सगळी स्वयंपाकघराच्या सामानाचीच दुकानं, आणि तिला प्रत्येकात शिरायचं होतं. तिथून औषधांच्या दुकानात. बिल करताना आठवलं की दहा टक्के कर वाचवायला पासपोर्ट लागतो आणि हिचा पासपोर्ट हॉटेलवर ठेवलेल्या बॅगेत. फोनमधला फोटो चालत नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरी ही हॉटेलवर परत गेली! मी दुकानाबाहेर सामान सांभाळत उभी. जाऊन यायला दीड तास. वाचले किती, तर बाराशे येन. साधारण सातशे रुपये. माझ्या दिवसाची किंमत सातशे रुपये?

दोन वाजता म्हणाली, "आता जाऊया का?" नोव्हेंबरात तिथे साडेचारला अंधारायला लागतं, पाचला आवाराचं दार बंद होतं, आणि रात्रीचं विमान होतं. कुठे जाणार होतो? मी एकटीने का नाही गेले, असं सगळे विचारतात. कारण दर अर्ध्या तासाला ती म्हणत होती, "झालंच, थांब ना." मैत्रिणीच्या शब्दावर माणूस थांबतो. त्यात माझं काय चुकलं?

वर नारिता विमानतळावर तिची बॅग 27 किलो भरली. माझ्या बॅगेत जागा होती, कारण मी काहीच घेतलं नव्हतं. मग चाकू, पट्ट्या, चॉकलेटं, चार किलो सामान माझ्या बॅगेत. ते मी पुण्यापर्यंत वाहिलं, आणि न्यायला ती आठ दिवसांनी आली. येताना म्हणे, "बुद्ध काय, पुढच्या वेळी बघू." पुढची वेळ? तीन वर्षं पैसे साठवून गेले होते मी!

घरी पोचले त्या रात्री बाबांचा फोन आला. पहिला प्रश्न, "सांधे दिसले का गं?" काय सांगायचं होतं मी त्यांना? हिच्या नणंदेला चाकू हवा होता म्हणून नाही दिसले?