शेजारच्या देशाला धाकात ठेवायचंय? हे करा

भाऊ, देशाचा दरारा वाढवायचा असेल तर पहिले परदेशी कंपनीशी करार करा अन् हात मिळवतानाचा फोटो काढा. फोटो मोठा पाहिजे, स्पेअर पार्टवाली ओळ बारीक असली तरी चालते.

इराणनी बघा, अमेरिकेकडून ७९ एफ-१४ विमानं घेतली, १९७९ ला क्रांती झाली अन् सुटे भाग बंद, मग एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावत बसले. अर्जेंटिनाकडे १९८२ च्या ब्रिटनविरुद्धच्या फॉकलंड युद्धात विमानातून सोडायची एक्झोसेट क्षेपणास्त्रं फक्त ५, फ्रान्सनी पुढचा माल अडवला. आता धाक म्हणजे काय तर समोरच्याला आपला आकडा कळू नये, इथं तर ब्रिटिश बोटांवर मोजत बसले, की आता राहिली किती.

पण तुम्ही घाबरू नका. तेजसचं बघा ना, फेब्रुवारी २०२१ ला ८३ विमानांची ऑर्डर, त्याच वर्षी अमेरिकन कंपनीला ९९ इंजिनं सांगितली, पहिलं आलं मार्च २०२५ ला. तोवर शत्रूनी काय, दम धरायचा!

ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या नादी मात्र लागू नका. १९९८ ला रशियासोबत कंपनी काढली, मेजॉरिटी हिस्सा आपला, एकेक भाग इथं बनवत आणला अन् आता फिलिपिन्सला विकतो, इतकी वर्षं डोकं कोण लावत बसणार? अन् वरणगावच्या फॅक्टरीत गोळ्या बनतात त्याचं तर नावच काढू नका, जळगावहून भुसावळ ओलांडलं की लगेच येतं, इतक्या जवळच्या गोष्टीला भाव असतो का कधी.

आमच्या आबांनी हेच धोरण केळीत लावलं. यावलकडं मळा, ड्रिपला इम्पोर्टेड ऑटोमॅटिक मशीन, उद्घाटनाला भरीत-पुरीची पार्टी, कंपनीवाल्यासोबत फोटो, शेजारचे भाऊबंद जळून खाक. ऐन मे महिन्यात मशीनचं कार्ड उडालं. कंपनी म्हणे पार्ट बाहेरून येतो, अन् पासवर्ड आमच्या इंजिनिअरकडंच राहतो. मग काय, रात्री दोनला लाईट आली की आबा बॅटरी घेऊन एकेक व्हॉल्व हातानी फिरवू राहिले, अन् तेच भाऊबंद बांधावर उभे राहून इचारतात, "काय आबा, ऑटोमॅटिक ना?"

कार्ड अजून आलं नाही. कंपनीचं कॅलेंडर आलं, त्याच्यावर आबांचा तो हात मिळवतानाचा फोटो आहे, मोठा.