मावशीच्या फ्रिजवरची चादर

परवा नागपुरात मानेवाड्याला मावशीकडे गेलो तर फ्रिजवर जुनी चादर टाकलेली. मला वाटलं, घराला रंग देणं चाललंय. "नाही रे, तो इन्स्पेक्टर आला तं? पैसे कुठून भरू मी?" दोन महिने ती कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात गेलीच नव्हती.

कारण मोबाईलवरचा एक मेसेज. घरी दुचाकी, फ्रिज, कोंबड्या किंवा पक्कं घर असेल तर रेशनकार्ड ताबडतोब परत करा. नाहीतर आजवर खाल्लेल्या धान्याची वसुली, गहू २४ आणि तांदूळ ३२ रुपये किलोनं. लाडकी बहीणचे पैसे घेणाऱ्यांचं धान्य बंद. ई-केवायसीला २०० रुपये. भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला, खाली हात जोडलेले.

कोंबड्या! मानेवाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर कोंबड्या कोण पाळतं? तिथेच शंका यायला हवी होती. हा माल नागपूरचा नाहीच. मे २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात हीच अफवा उठली होती आणि लोकांनी घाबरून कार्डं परत करायला रांगा लावल्या होत्या. शेवटी तिथल्या सरकारलाच सांगावं लागलं, की कार्ड परत करण्याचा असा कोणताही आदेश काढलेला नाही. मोटारसायकल, वीजजोडणी, सरकारी योजनेतलं पक्कं घर, कोंबडीपालन यांवरून कुणी अपात्र ठरत नाही. आणि वसुलीची तरतूद २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्यात नाही. जिथून मेसेज निघाला तिथेच तो खोटा ठरला. आपण मात्र तो अजून पुढे ढकलतोय.

आपल्याकडे वाहनाची अट आहे, पण चारचाकीची. केशरी कार्डाच्या निकषात ती आहे, आणि तिथेही टॅक्सीचालकाला सूट आहे. मावशीच्या पोराची हप्त्यावरची स्कूटर त्यात कुठून आली? फ्रिजचा तर प्रश्नच नाही.

लाडकी बहीणचं काय सांगावं! त्या योजनेत उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी पिवळं किंवा केशरी कार्डच चालतं. एका खिडकीवर जे कार्ड दाखवायचं, तेच दुसऱ्या खिडकीवर गुन्हा?

ई-केवायसी करावी लागते, हे खरं. पण ती रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लावून होते, फुकट. २०० रुपये मागणाऱ्याचं नाव लिहून घ्या आणि १९६७ वर फोन करा.

आता एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजानं. अपात्र कार्डं शोधण्याच्या मोहिमा सरकार खरंच काढतं. राहण्याचा पुरावा मागतात, वर्षाला लाखाच्या वर कमावणाऱ्या नोकरदाराचं केशरी कार्ड जाऊ शकतं. आणि प्राधान्य कुटुंबाची, म्हणजे अन्न सुरक्षा कायद्यातून माणशी धान्य मिळणाऱ्या घराची, उत्पन्नमर्यादा शहरात वर्षाला ५९,००० रुपये आहे, गावात ४४,०००. म्हणजे नागपुरात महिन्याला पाच हजारही नाही! एवढ्यात खोलीचं भाडं निघत नाही. या आकड्यावर बोट ठेवून कुणी म्हणालं की काटेकोर तपासलं तर अर्धी वस्ती बाहेर जाईल, तर मी भांडणार नाही. पण मग तो आकडा बदला म्हणून मेसेज फिरवा ना. म्हातारीला फ्रिज काहून झाकायला लावता?

तिच्या कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे, नावं चार. माणशी पाच किलो म्हणजे महिन्याला वीस, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. काल तिला घेऊन दुकानात गेलो. भांडी घासून घासून बोटांच्या रेघा गेल्यात, अंगठा तिसऱ्यांदा लागला. या महिन्याचं धान्य मिळालं. आधीचं चाळीस किलो गेलं ते गेलं.