जुना हवा, पण वापरलेला नको

घडीचे जुने चाकू जमवायचं मनावर घेतलंच असेल, तर पहिली गोष्ट पक्की करा: चाकूने काही कापायचं नसतं. कापणं हे शेतकऱ्याचं, भाजीवाल्याचं, फार तर पानवाल्याचं काम. तुमचं काम चाकू डोळ्यांसमोर आडवा धरून कारखान्याची चूक शोधणं. पातं कांद्याला लावलंत की तुम्ही गिऱ्हाईक, ट्यूबलाइटकडे धरलंत की संग्राहक.

शिक्षण सोलापूरच्या मंगळवार बाजारात सुरू करा. मुके रेडिओ, किल्ली हरवलेली पितळी कुलपं आणि एकेकटे बूट ज्या गोणपाटावर मांडलेले असतात, त्यापुढे उकिडवे बसा. चाकू हातात घेतलात की मामा म्हणणारच, "घ्या की मालक, लई भारी पातं हाय. कापून दाखवू का?" आणि शेजारच्या गाडीवरचा कांदा उचलेल. त्याला तिथेच थांबवा. "कापायचं राहू द्या मामा, स्प्रिंग वर आलीय बघा." ती स्प्रिंग मामाने स्वतः रॉकेल आणि तेल घालून सोडवलेली असते. पण केसभर वर येणं हा गुन्हा आहे, हे त्याला त्या क्षणी कळतं आणि तो पन्नास रुपये उतरतो. तुमच्या विद्येची ही पहिली कमाई.

आता तपासणी. इथे घाई नको, मागे चार माणसं जमली तरी. चाकू मिटलेला, अर्धा उघडलेला आणि पूर्ण उघडलेला, अशा तिन्ही अवस्थांत पाठीची स्प्रिंग दोन्ही बाजूंच्या पितळी पट्ट्यांशी सपाट यायला हवी. अंगठा फिरवा. पायरी लागली तर चेहरा पाडा. मग चाकू उजेडाकडे धरून स्प्रिंग आणि पट्टी यांच्यामधल्या फटीतून काय दिसतं ते पाहा. सात रस्त्याचा सिग्नल दिसला तर निम्म्या भावात मागा. पातं मिटून वरून बघा. ते दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध उभं हवं. दोन-तीन पात्यांच्या चाकूत ती एकमेकांना घासू नयेत म्हणून कारागीर त्यांना मुद्दाम किंचित वाकवतो. हे तुम्हाला माहीत असलं तरी "पातं वाकडं बसलंय" हे वाक्य सोडू नका, त्याचा परिणाम चांगला होतो.

मग आवाज. उघडताना टक, मिटताना टक. पात्याचं बूड चौकोनी घडवलेलं असेल तर पातं अर्ध्यावर ठाम थांबतं, गोलाई दिलेली असेल तर न थांबता सरकत जातं. दोन्ही प्रकार बनवणाऱ्याने विचार करूनच केलेले असतात. म्हणून थांबणाऱ्याला "फार अडतो" म्हणा आणि सरकणाऱ्याला "जीव नाही" म्हणा. पातं ओढायला किती जोर लागतो त्याला दहापैकी गुण द्यायची पद्धत जगभर आहे. तीन म्हणजे ढिला, दहा म्हणजे नख गेलं. साडेसहा देताना जरा वेळ डोळे मिटून घ्या. मामा घाबरतो.

खरी मेख पुढे आहे. तुमच्या हातातला चाकू कुणीतरी तीस-चाळीस वर्षं खिशात बाळगलेला आहे. फट पडली ती आत साचलेल्या तंबाखूने आणि गंजाने. पातं हलतं कारण त्याने कुणीतरी रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं. धार नागमोडी झाली कारण सायकलवर दगडी चाक बसवून फिरणारा धारवाला दर दिवाळीला दारात यायचा आणि पैसे वसूल व्हावेत म्हणून जोर लावायचा. बुडाशी जिथे छाप असतो, तिथली रुंदी मूळची राहते. तिथून पुढे धारेकडे पायरी उतरलेली दिसली तर तेवढं पोलाद धारवाल्याच्या दगडाने खाल्लं, हे शाळकरी पोरालाही कळेल. तुम्ही मात्र हा सगळा हिशेब कारखान्याच्या नावे मांडायचा. "फॅक्टरी फिनिश गचाळ" एवढं म्हणून चाकू गोणपाटावर टाका, अलगद नव्हे.

याउलट एखादा चाकू कोरा निघतो. पात्यावर रेघ नाही, बोल्स्टरवर, म्हणजे मुठीच्या टोकाच्या धातूच्या टोपीवर, ओरखडा नाही. त्याला दोन्ही हातांत घ्या आणि म्हणा, "हे बघा जुन्या काळचं काम!" तो कोरा का राहिला, हा प्रश्न मनातही आणू नका. नख मोडेपर्यंत ओढूनही जो उघडत नव्हता, उघडलाच तर बोटावर मिटत होता, तो चाकू मालकाने पहिल्याच आठवड्यात फडताळात फेकला. तोच साठ वर्षांनी तुमच्यापर्यंत धडधाकट पोचला. चांगला निघालेला तेव्हाच झिजून संपला. ही माहिती कोऱ्या चाकूचे भाव पाडू शकते, म्हणून ती बाहेर फोडू नये.

पुढची पायरी घराण्याची. पात्याच्या बुडावर भिंग रोखा. तारा आणि क्रॉस दिसला तर शेफिल्डचे जोसेफ रॉजर्स. मुकुटासोबत व्ही आर ही अक्षरं असतील तर व्हिक्टोरिया राणीची कारकीर्द, १८३७ ते १९०१. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ब्रॅडफर्डला केस कंपनीचे चाकू बनतात, त्यांची तर कुंडलीच ठिपक्यांत असते. १९७० साली छापाखाली दहा ठिपके होते, मग दरवर्षी एक कमी होत १९७९ला एक उरला. शिवाय आकडा असतो: ६२५४ म्हणजे खाचा पाडलेल्या हाडाची मूठ, दोन पाती, चोपन्न नंबरचा नमुना. हा चाकू तुम्हाला विजापूर वेशीत मिळणार नाही, मधल्या मारुतीला मिळणार नाही. म्हणूनच त्याच्याबद्दल बोलायचं. समोरच्याने बघितलेल्या वस्तूबद्दल बोललात तर तो मधे तोंड घालतो.

आणि गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर कुणाच्या आजोबांनी घेतलेला, लाकडी मुठीचा, बिनछापाचा गावठी चाकू? ज्याने त्या आजोबांनी हुरड्याची कणसं, बैलाचं दावं आणि नातवाची पेन्सिल एकाच दिवशी सांभाळली? तो बाजूला ठेवा. छाप नाही म्हणजे कारखाना नाही, आणि कारखानाच नाही तर कुणाच्या फिनिशला नावं ठेवायची? असल्या चाकूवर आपली नजर फुकट जाते.

चाकूला गोष्ट लागते. सोलापुरात ती सोय चांगली आहे. १८७७च्या जुन्या मिलमधल्या गोऱ्या साहेबाचा चाकू म्हणून पाहुण्याला दाखवला की पाहुणा चहा विसरतो. फक्त पात्यावर स्टेनलेस असं कोरलेलं नाही ना, एवढं आधी बघून घ्या. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने ते पोलाद केलं १९१३ साली. तसं निघालं तर साहेबाला निवृत्त करा आणि १९३०च्या मार्शल लॉमध्ये परसात पुरून ठेवला होता असं सांगा. सोलापुरात त्या साली सगळ्यांच्याच आजोबांनी काहीतरी पुरलेलं आहे.

घरी आणल्यावर चाकू डाळिंबापासून लांब ठेवा. सोलापूर जिल्ह्यात हे अवघड आहे, पण इलाज नाही. सालीतलं टॅनिन लागलं की कार्बन स्टील निळं-काळं पडतं. हा काळेपणा खरं तर लाल गंजाला थोडाफार आवर घालतो, पण घरच्यांना तो मळ वाटतो. त्यावर उपाय म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्यांना बफ मारणाऱ्याकडे चाकू देणे. तो दोन मिनिटांत आरसा करून देतो. त्या दोन मिनिटांत कडा गोल होतात, छापाची अक्षरं पुसट होतात आणि पातं फार तापलं तर पाणी उतरतं, म्हणजे धार टिकणं संपलं. पण धार तुम्हाला कुठे हवी होती?

मग काचेचं कपाट करून घ्या. सगळे चाकू एकत्र, जवळजवळ, हवा न लागेल असे मांडा. त्यात सेल्युलॉइडच्या, म्हणजे जुन्या जातीच्या प्लॅस्टिकच्या, मुठीचा एखादा रंगीत जुना चाकू असलाच पाहिजे, मधोमध. जुनं सेल्युलॉइड विघटन पावताना आम्लयुक्त वाफ सोडतं आणि ती शेजारच्या पात्यांनाही गंज चढवते. उष्णतेने हे काम लवकर उरकतं, आणि आपल्याकडचा मे महिना पारा चव्वेचाळीसला नेऊन या कामी मनापासून मदत करतो. हाडाच्या मुठी त्याच उन्हाळ्यात आकसून खिळ्यांपाशी तडकतील. दोन उन्हाळ्यांनी कपाट उघडा आणि म्हणा, "हल्ली काचा नीट बसवत नाहीत."

बाहेर नेण्याबद्दल थोडं. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि तुमचं पातं जेमतेम तीन इंची, म्हणून छाती काढून फिरू नका. सणावाराला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७खाली मनाई आदेश निघतात, त्यात चाकूही येतात. नाकाबंदीत खिशात सापडलाच, तर हवालदाराला ठिपके मोजून दाखवण्याचा मोह आवरा. "साहेब, याने आजवर काही कापलेलं नाही" हे तुमचं सर्वांत मोठं भूषण, पण चौकीत ते प्रत्येक जण म्हणतो.

यथावकाश परदेशातून मागवलेला चाकू कुरिअरने घरी येईल. खोक्याला चारी बाजूंनी जाड चिकटपट्टी असेल. कपाटातल्या एकाही चाकूला हात लावायचा नाही. बायको म्हणेल, "अहो, घरात एवढे चाकू आहेत की!" तिच्याकडे दुर्लक्ष करा. शेजारच्या काकूंकडून भाजीचा चाकू मागून आणा, खोकं फोडा, आणि परत देताना त्याच्या मुठीचे रिव्हेट सपाट बसलेले नाहीत हे त्यांना जरूर सांगा.