‘नॉन-टॉक्सिक रंगाच्या नावाखाली लूट’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुमच्या तक्रारी अशा: रंगकामाला तीन आठवडे होऊनही निजायच्या खोलीत रॉकेलसारखा वास येतो, पडवीतला चुना हाताला लागतो, मागच्या खोलीत कपाटामागे काळे ठिपके आले, आणि शेणाचा रंग निम्म्या पैशांत मिळत असताना आम्ही महागडा गळ्यात मारला. तुमचं बिल आणि तुम्ही टाकलेले फोटो समोर ठेवूनच हे लिहितो आहोत.

आधी वास. भिंतींना दिलेलं इमल्शन पाण्यातलं आहे. त्याचा वास किंचित अमोनियासारखा असतो आणि खोली उघडी राहिली तर काही दिवसांत जातो. रॉकेलसारखा वास टर्पेंटाईनचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटचा. तो आमच्या बिलात नाही, पेंटरने दुसरीकडून आणलेला दिसतो. खात्री करायची असेल तर आधी खिडकीच्या चौकटीजवळ नाक न्या, मग भिंतीजवळ. ऑइल पेंट हवेतला ऑक्सिजन घेत सावकाश पक्का होतो आणि तोवर आठवडेच्या आठवडे वाफा सोडत राहतो. पावसाला घाबरून खिडक्या लावून घेतल्या की त्या खोलीतच कोंडतात. उघडीप मिळेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा आणि एकीत टेबल फॅन बाहेर तोंड करून लावा. अगरबत्ती किंवा रूम फ्रेशनर नको, त्याने भरच पडते. वास जाईपर्यंत मुलाला दुसऱ्या खोलीत निजवा. पुढच्या वेळी लाकडाला पाण्यातलं इनॅमल घ्या. ब्रशच्या खुणा थोड्या जास्त दिसतात, पण टर्पेंटाईन लागत नाही.

त्याच खोलीत गडद निळा आहे, म्हणून हेही सांगायला हवं. डब्यावरचा व्हीओसीचा, म्हणजे रंगातून हवेत उडणाऱ्या रसायनांचा, आकडा बहुतेक वेळा नुसत्या बेसचा (छटा न घातलेल्या मूळ रंगाचा) असतो. फिक्या पिस्ता रंगाला लिटरमागे काही मिली स्टेनर (छटा देणारा दाट रंग) पुरतो, गडद निळ्याला शंभर मिलीच्या आसपासही जाऊ शकतो, आणि सगळे स्टेनर व्हीओसीमुक्त नसतात. तेव्हा कुठल्याही दुकानात ‘टिंट केल्यावर, म्हणजे छटा घातल्यावर, लिटरला किती ग्रॅम व्हीओसी’ असंच विचारावं. युरोपात घरातल्या मॅट भिंतरंगाला 2010 पासून लिटरला 30 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, तुलनेला तो आकडा धरा. तुमच्या बिलावर ‘लो व्हीओसी’ लिहिलं आहे, ‘नॉन-टॉक्सिक’ नाही. तो शब्द आम्ही मुद्दामच वापरत नाही. पाण्यातला रंग डब्यात नासू नये म्हणून त्यात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, आणि काहींच्या त्वचेला त्याची अॅलर्जी होते.

आम्हाला वासापेक्षा जास्त काळजी तुमच्या एका ओझरत्या वाक्याची वाटली: पेंटरने जुन्या खिडक्या कोरड्याच घासल्या आणि घरभर धूळ झाली. घरगुती रंगांत शिसं दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा जास्त नको, हा नियम 2016 चा, आणि तो 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत, शिसं असू शकतं, आणि कोरडं घासलं की ते धुळीत येतं. त्याला वास नसतो आणि व्हीओसीच्या आकड्यातही ते दिसत नाही. म्हणून झाडू मारू नका. फरशी, खिडक्यांचे कट्टे, मुलाची खेळणी ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या. मूल लहान असेल, हात तोंडात घालत असेल, तर रक्तातल्या शिशाच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. जुनं लाकूड घासायचंच असेल तर वॉटर पेपर (ओला वापरायचा पॉलिश पेपर) आणि पाणी घेऊन.

आता चुना. तो नुसता वाळून पक्का होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा चुनखडीसारखा थर बनतो आणि त्याला काही आठवडे लागतात. तुमचं काम मेच्या अखेरीला झालं, मृगाची झड थेट पडवीत आली, आणि फोटोत झाप (पावसाला आडोसा म्हणून बांधायचे विणलेल्या झावळ्यांचे पडदे) बांधलेले दिसत नाहीत. (झाप बांधायचा कंटाळा, शिव्या मात्र चुन्याला.) दुसरं असं, की खरवडलेल्या जागी खाली जुना डिस्टेंपर दिसतो. चुना भिंतीच्या छिद्रांत शिरून धरतो, डिस्टेंपरवर तो वरवर बसतो. थोडी जागा खरवडून पाण्याचा थेंब लावा. शोषला तर ठीक, ओघळला तर खालचा थर काढल्याशिवाय पुन्हा चुना देऊ नका.

पाऊस संपल्यावर कळीचा (न विझवलेला) चुना घ्या, किलोला पाच लिटर पाणी. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट कधीच नाही, उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. निदान 24 तास ठेवा, जाड कापडातून गाळा, गरम पाण्यात विरघळवलेला थोडा डिंक घाला. भिंत ओलसर करून, दुधासारखा पातळ, तीन हात. पहिला हात ओला असताना भिंत पांढरी दिसतच नाही. तिथे पेंटरचा धीर सुटतो, तो चुना दाट कालवतो, आणि मग पोपडे निघतात. गणपतीआधी घर रंगवायची आपल्याकडे रीत आहे खरी, पण झड येणारी पडवी दिवाळीपर्यंत थांबलेली बरी. सगळं नीट केलं तरी काळं कापड घासल्यावर थोडी पावडर लागणारच.

कपाटामागचे ठिपके बुरशीचे आहेत. जांभा पाणी पितो, त्यात ती भिंत पावसाच्या तोंडाची. भिंतीवर फूटभर अॅल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव आलं तर ओल भिंतीतून येते: पन्हळ, पागोळ्यांचं पाणी, बाहेरच्या दरजा आणि जोत्याला टेकलेली माती बघा. खोलीकडच्या बाजूला आलं तर दमट हवेतली वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते आहे, कपाट वीतभर पुढे घेतलं तरी बराच फरक पडेल. ठिपक्यांना एक भाग ब्लीच, तीन भाग पाणी लावा, हातमोजे घालून, खिडकी उघडी ठेवून. त्यात संडास धुवायचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. लोणा (भिंतीवर फुलणारा पांढरा क्षार) दिसला तर कोरड्या ब्रशने झाडा, धुतलात तर मीठ पुन्हा आत जातं. आणि आतून वॉटरप्रूफ कोट मारायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाणी मागून येत राहतं आणि कोटाला फुगे येतात.

शेणाचा रंग खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 12 जानेवारी 2021 ला आणला, तेव्हा डिस्टेंपर 120 आणि इमल्शन 225 रुपये लिटर होतं. कोरड्या आतल्या भिंतीला तो जरूर लावा. तुमच्या मागच्या भिंतीवर मात्र त्याचीही हीच गत झाली असती.

पांढऱ्या बेसचे न उघडलेले डबे बिलासह परत घेऊ, टिंट केलेला निळा घेता येणार नाही. ओल मोजायचं मीटर घेऊन आमचा माणूस येईल, त्याचे पैसे नाहीत. तो यायच्या दोन दिवस आधी फॉइल चिकटवून ठेवा आणि कपाट रिकामं करून पुढे ओढा.