पीडीएफ टाकली की झालं डिजिटल?
सरकारी राजपत्र आणि जीआर (शासन निर्णय) ऑनलाइन आले याचं एका लेखात कौतुक केलंय, ते बरोबरच, पूर्वी एका झेरॉक्ससाठी ओळखीचा क्लार्क गाठावा लागायचा. पण परवा वडिलांच्या पेन्शनसाठी एका खात्याच्या साइटवर जुना जीआर शोधला तर तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ, गोल शिक्का नेमका तारखेवर, सर्च चालत नाही, दुसरी फाइल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली, कॉपी केली की नुसती किडामुंगी. आणि तो जीआर नंतर अधिक्रमित झालाय, म्हणजे त्याच्या जागी नवा आलाय, हे त्यावर कुठ्ठेच नाही, ते कळलं काउंटरवर! माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर २००५ पासून सांगतंय की रेकॉर्ड नीट सूची करून कॉम्प्युटरवर ठेवा. मराठी विश्वकोशाचे २० खंड शब्द टाकून शोधता येतात, मग जीआर का नाही?