‘सर्वस्व नॉर्वेसाठी’ म्हणणारा राजा पळून गेला नव्हता

भाचीने परवा शाळेतल्या भाषणाचा कागद दाखवला. मजकूर थेट व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेला: नॉर्वेची सगळी ब्रीदवाक्यं व्हायकिंगांची, ‘आल्ट फॉर नोर्गे’, म्हणजे ‘सर्वस्व नॉर्वेसाठी’, ही त्यांची रणगर्जना, ‘डोव्रे (तिथला पर्वत) कोसळेपर्यंत’ ही राजाची शपथ, आणि हिटलर येताच ब्रीद विसरून राजा लंडनला पळाला. हा मेसेज मला आधी तीन ग्रुपांवर आला होता, तेव्हा सोडून दिला. आता मुलं तो स्टेजवरून म्हणणार, म्हणून लिहिते आहे.

‘पळाला’ आधी घेते, कारण ते एका माणसावर अन्याय करणारं आहे. 9 एप्रिल 1940 ला जर्मनीने हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी जर्मन राजदूताने राजा सातवा हाकोन याच्याकडे मागणी केली, नॉर्वेतल्या नाझीधार्जिण्या पक्षाचा नेता क्विस्लिंग याला पंतप्रधान नेमा. राजाने न्यूबर्गसुंड गावात मंत्रिमंडळाला सांगितलं, मी त्याला नेमू शकत नाही. तुम्हाला मान्य करायचं असेल तर मी गादी सोडतो. मंत्रिमंडळ त्याच्या पाठीशी उभं राहिलं. 11 तारखेला त्या गावावर बॉम्ब पडले, राजा आणि युवराज ओलाव बर्फातून जंगलात शिरले. एप्रिलअखेरचा मोल्डेचा फोटो शोधून पाहा: विमानहल्ल्याच्या वेळी बर्चच्या झाडाशी उभे असलेले बापलेक. देश त्याने सोडला, हे खरं. पण 7 जूनला, दोन महिने लढाई चालल्यावर, पार उत्तरेच्या ट्रोम्सोहून. नंतर तो बीबीसीवरून बोलत राहिला, आणि नॉर्वेत लोक भिंतींवर, बर्फावर त्याची ‘एच 7’ ही मुद्रा काढत राहिले. 7 जून 1945 ला तो परतला.

रणगर्जनेचं म्हणाल तर हे ब्रीद 1905 चं. स्वीडनशी युती तुटली, हाकोन, मूळचा डेन्मार्कचा राजपुत्र, सार्वमत घ्यायला लावून गादीवर आला आणि त्याने ते घेतलं. मुलगा ओलाव आणि नातू हाराल्ड यांनी तेच ठेवलं. त्याआधीचा, स्वीडन आणि नॉर्वे दोन्हींचा राजा दुसरा ऑस्कर, त्याचं ब्रीद होतं ‘बंधुराष्ट्रांचं कल्याण’. नॉर्वे गेल्यावर त्याने ते ‘स्वीडनचं कल्याण’ असं बदललं.

‘कायद्याने देश उभारावा’ हे नॉर्वेतलं आणखी एक वचन मात्र खरंच जुनं, तिथल्या मध्ययुगीन फ्रोस्टाटिंग कायद्यातलं. तेवढं मान्य.

आणि डोव्रेची शपथ राजाची नाहीच. 1814 च्या मे महिन्यात आइड्सवोलला राज्यघटना लिहून झाल्यावर निरोप घेताना प्रतिनिधींनी हातात हात घेऊन ती एकमेकांना दिली.

मेसेज तुमच्याकडे असेल, तर निदान ‘पळाला’ची ओळ काढल्याशिवाय पुढे पाठवू नका.