गांजा की विजया? आधी डबी उलटी कर

नाशिकला निघायला आठ दिवस होते. बॅगा अजून माळ्यावरून उतरायच्या होत्या, तेवढ्यात भाच्याचा मेसेज आला. "आत्या, येताना सीबीडी क्रीमच्या दोन डब्या आण ना. तिकडे काय, सगळीकडे मिळतं. आईच्या हातांना लावायचंय." सीबीडी म्हणजे गांजाच्या झाडातलं एक द्रव्य. त्याच्या खालोखाल वहिनी: "ताई, गांजाचं काहीही आणू नका हं. सोसायटीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही." मग दादा. तो अशा वेळी आयुर्वेद काढतो. "गांजा कसला? आपली विजया आहे ती. आपल्याकडे हजारो वर्षं वापरतात."

वहिनींचं इसब जुनं आहे. थंडी पडली की बोटांच्या पेरांना भेगा जातात, त्यात भांड्यांचा साबण, खाजवून खाजवून रक्त. कॅनडातल्या मिसिसागात माझेही हात काही वेगळे नाहीत. इथे सहा महिने फर्नेसची गरम हवा घरात खेळते आणि अंगातलं पाणी शोषून घेते. त्यामुळे खाज काय असते हे मला कोणी सांगायला नको. पण त्या दोन डब्या मी आणल्या नाहीत, आणि कारण वहिनींना वाटतं ते नाही.

"तिकडे सगळीकडे मिळतं" हे आधी निस्तरते. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 ला गांजा कायदेशीर झाला. अंगाला लावायच्या मलमांचा नंबर त्यानंतर वर्षाने लागला. पण आमच्या मिसिसागाच्या नगरपालिकेने तेव्हा ठराव केला, आमच्या शहरात दुकानं नकोत. 2023 च्या एप्रिलपर्यंत इथे परवाना असलेलं एकही दुकान नव्हतं. त्या सभांमधले मुद्दे ऐकले असते तर वहिनींना गंगापूर रोडवरच्या सोसायटीची मीटिंगच वाटली असती: शाळेजवळ नको, पोरं बिघडतील, घरांच्या किमती पडतील. आता दुकानं आहेत, पण सीबीडीचं साधं मलमसुद्धा त्याच दुकानात किंवा सरकारी वेबसाइटवर मिळतं. मेडिकलमध्ये नाही, किराण्यात नाही. आमच्या ओंटारियो प्रांतात वयाची 19 वर्षं पूर्ण लागतात. डबी एकरंगी, झाकण पोरांना उघडता येऊ नये असं, वर पिवळ्या चौकटीत इशारा. आणि मुख्य म्हणजे, इसब जातं, मुरुम जातात, असं एक अक्षर त्यावर छापता येत नाही. विकायला परवानगी आहे, बरं करतो म्हणायला नाही.

आणि देशाबाहेर न्यायला तर बंदीच. बाहेरून आणायची नाही, इथून न्यायची नाही, सीबीडीचीसुद्धा नाही. भाच्याला हे कळवलं तर म्हणाला, "मग फ्री कसला तुमचा देश?" प्रश्न चांगला होता.

नाशिकचा वाद मात्र वेगळ्याच दोन टोकांवर अडकलाय. वहिनींना रामकुंडावरचे साधू आणि त्यांच्या चिलमी दिसतात. 2015 च्या सिंहस्थात त्या धुराने हैराण झालेल्या पंचवटीकरांना पुढचा सिंहस्थ आतापासूनच दिसतोय, त्यांनाही दोष देता येत नाही. दादाला ऋषिमुनी दिसतात. दोघांच्याही बोलण्यात थोडं खरं आहे, आणि दोघांनाही सोयीचं तेवढंच. नशा येते ती झाडातल्या टीएचसी या द्रव्याने. सीबीडी त्याच झाडातलं, पण नशा न आणणारं. म्हणजे वहिनींची भीती रसायनाच्या हिशोबात चूक. आता दादाची विजया. अमली पदार्थांच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया त्यातून वगळल्यात, आणि त्याच फटीतून आयुष, म्हणजे आयुर्वेदिक औषधांच्या, परवान्यावर पानांचा अर्क विकला जातो. पण महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि त्यात परवान्याशिवाय भांगही, म्हणजे ही पानंही, चालत नाही. शिवाय आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत विषारी द्रव्यांची एक यादी आहे. तिच्यात धोतरा आहे, बिब्बा आहे आणि बिया सोडून भांगही आहे. पोटात घ्यायच्या औषधात यातलं काही असेल तर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असा इशारा वेष्टनावर लागतो. "आपलं" म्हणजे "निर्धोक" असं आपल्या वैद्यांनी कधी म्हटलं नव्हतं. ते आपण म्हणतो.

भाच्याचा सीबीडीवर एवढा जीव का, ते नाशिकला पोचल्यावर उमगलं. दोन वर्षांपूर्वी जिममधून त्याला जांघेत नायटा झाला. घराजवळच्या एका मेडिकलमधून ट्यूब आणली. चिठ्ठी मागितली नाही, त्याने दाखवली नाही. बुरशीचं, जंतूंचं आणि जोरदार स्टेरॉइड, तिन्ही एकाच ट्यूबमध्ये. तीन दिवसांत खाज गायब. बंद केली की दुप्पट. असं आठ महिने. शेवटी मांडीवर बाळंतिणीच्या पोटावर पडतात तसे पांढरे वळ उमटले, ते आजही आहेत. डॉक्टरांनी झापलं, नायटा बरा व्हायला पुढे चार महिने गेले. तेव्हापासून पोरगं "केमिकल" शब्द ऐकला की बिथरतं आणि "नॅचरल" ऐकला की पाकीट काढतं.

खरं तर नाशिकमध्ये भांडायचं असेल तर या ट्यूबवर भांडावं. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. कागदावर. अशा ट्यूबांच्या राज्यात आपल्याकडे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा नायटा फोफावला. त्याच्या बुरशीचं नाव ट्रायकोफायटॉन इंडोटिनी, आपल्या देशाचंच नाव लागलंय. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी अमेरिकेतले त्याचे पहिले रुग्ण नोंदवले. मेडिकलच्या काउंटरवरच्या ट्यूबला कोणी काही म्हटलं नाही, आणि गांजाच्या पानाचं चित्र असलेल्या डबीने मात्र घर हादरलं.

हो, डबी. मी आणली नाही म्हणून त्याने ऑनलाइन मागवली. चौदाशे रुपये. वहिनींनी ती देवघरापासून लांब, वॉशिंग मशीनवर ठेवली होती. झाकणावर हिरवं सात बोटांचं पान. मी म्हटलं, "उलटी कर, मागचं वाच." तो मोबाइलचा टॉर्च लावून वाचायला लागला. मेण. शिआ बटर. कॅनाबिस सटायव्हा सीड ऑइल, म्हणजे गांजाच्या बियांचं तेल. मेंथॉल. कापूर. निलगिरी. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. सीबीडी हा शब्द कुठेच नव्हता. बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतंच. ते चांगलं तेल आहे, जवसाचं असतं तसं, खायलाही 2021 पासून एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची परवानगी आहे. पण चौदाशे रुपयांत त्याने पानाचं चित्र घेतलं होतं. वहिनींनी पहिल्या रात्री भेगांना लावलं तर मिरच्या ठेचलेल्या हातांसारखे हात झोंबले. मेंथॉल आणि कापूर, दुसरं काय होणार?

डबीवर सीबीडी लिहिलेलं असलं तरी सुटका नाही. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी दुकानांतून आणि ऑनलाइन घेतलेली अंगाला लावायची 105 उत्पादनं तपासली, निकाल 2022 साली छापून आला. ज्यांच्यावर प्रमाण छापलं होतं त्यातल्या 24 टक्क्यांचंच प्रमाण खरं निघालं. एकूण 35 टक्क्यांत टीएचसीही सापडलं. ही अमेरिकेतली गोष्ट, जिथलं उदाहरण भाचा मला देतो.

मग सीबीडीत काहीच नाही का? तसंही नाही. हंगेरीतल्या देब्रेत्सेनच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं की त्वचेतल्या तेल करणाऱ्या पेशींवर सीबीडी टाकलं की तेल कमी होतं, दाहही उतरतो. मुरुमांसाठी अगदी हवं तसं. पण ते प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. ऑस्ट्रेलियाच्या बोटॅनिक्स कंपनीने त्याचं जेल बनवून मुरुमांच्या रुग्णांवर चाचणी घेतली. 2019 मध्ये निकाल आला: सीबीडीचं जेल लावणारे सुधारले, आणि नुसतं जेल लावणारेही जवळपास तेवढेच सुधारले. मला हा निकाल फार आवडतो. रोज मन लावून काहीतरी साधं लावत राहिलं तर कातडी बरीचशी स्वतःच आवरतं घेते, असं मी त्यातून माझ्यापुरतं घेतलं. शास्त्रज्ञ इतकं सैल बोलणार नाहीत. पुढे आणखी चांगल्या चाचण्या होतील, कदाचित एखादं औषध निघेलही. निघालं तर मी पहिली रांगेत.

तोवर दादाच्या आयुर्वेदासाठी एक बातमी होती माझ्याकडे. 2014 मध्येच फिलिपिन्समधल्या लहान मुलांच्या इसबावर व्हर्जिन, म्हणजे शुद्धीकरण न केलेल्या, खोबरेल तेलाची मिनरल ऑइलशी तुलना झाली आणि खोबरेल सरस ठरलं. आपल्या मोरीतल्या बाटलीतल्याचंच भावंड. दादा खूश झाला, पण थोडा हिरमुसलाही. विजया म्हणताना जो रुबाब येतो तो खोबरेल म्हणताना येत नाही.

आम्ही वहिनींना कॉलेज रोडवरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी भांडी घासताना सुती हातमोजे आणि त्यावर रबरी, साबण सौम्य, हात ओले असतानाच दाट मलम, आणि दहा दिवसांपुरतं स्टेरॉइडचं क्रीम, असं लिहून दिलं. स्टेरॉइड ऐकताच भाचा खुर्चीतून उठलाच. बाई शांतपणे म्हणाल्या, "हातांना, दहा दिवस, एवढंसं. जांघेत आठ महिने नाही." त्याने मान खाली घातली. तारीख, वेळ, बोटाच्या पेरावर किती घ्यायचं, सगळं मग त्यानेच फ्रिजवर लिहून चिकटवलं.

परवा व्हिडिओ कॉलवर वहिनींनी हात कॅमेऱ्यासमोर धरले. भेगा भरल्यात, एका अंगठ्याला अजून थोडी आहे. मी विचारलं, "आणि ती डबी?"

"तुमचे दादा गुडघ्याला चोळतात रोज रात्री. गार गार वाटतं म्हणे. आणि मला म्हणतात, बघ, विजया."